आशेची कथा लिहा, पण पाण्याचा हिशेब जुळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी कथा लिहून होण्याचे हे दिवस. हवामानबदलावरच्या कथांत नुसता प्रलय नको, वाट काढणारी माणसेही दिसू द्या, असा आग्रह अलीकडे वाढला आहे आणि तो रास्त आहे. पण अशा कथांत गाव वाचवते ते बहुधा एखादे यंत्र. सौरपंप बसतो, ठिबक येते आणि शेवटच्या पानावर शिवार हिरवेगार! पाणलोटाची, म्हणजे शिवारात पडलेले पाणी अडवून जिरवण्याची, कामे करणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांना नेमकी तिथे ठेच लागते.

कथेतले गाव १००० हेक्टरचे आणि पाऊस ४०० मिलिमीटरचा धरू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, म्हणून गावावर पडले ४०० कोटी लिटर. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात त्यातले मुरणारे पाणी दहा टक्के धरावे, म्हणजे ४० कोटी. दीड हजार माणसांना माणशी ५५ लिटर दिले की वर्षाचे ३ कोटी गेले. हजार जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे पावणेदोन-दोन कोटी. उरले ३५ कोटी. उसाला पावसाचे पाणी वजा जाता हेक्टरी दीड कोटी लिटर तरी वरून द्यावे लागते, म्हणजे २३ हेक्टर ऊस लावला की गावाचे पाणी संपले. त्याच पाण्यात रब्बी ज्वारीला ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर सव्वादोनशे हेक्टरांच्या वर भिजते. हे २३ हेक्टर कोणाचे आणि ते सव्वादोनशे कोणाचे, हा प्रश्न आला की कथा आपोआप सुरू होते. यंत्र लागतच नाही.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम एखाद्या विज्ञानकथेत शोभावेत असे होते. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही आणि भूमिहीनालाही वाटा. वीस एकरवाला आणि ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही तो, दोघे एका बैठकीत पाणी मागत! अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पावसाळा सरला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. अशा सभेत ऊस सोडायला तयार नसलेल्या थोरल्या भावाला धाकटा काय सांगतो, हे लिहायला कथाकारच हवा. आमच्या अहवालांत ते एका ओळीत उरकते.

आता उपायांकडे. सौरपंपाला वीजबिल नाही, म्हणून ऊन असेपर्यंत तो बंद करावासा वाटत नाही. विहिरीत पाणी कमी असेल तर हा पंप ती लवकर कोरडी करतो, एवढाच फरक. ठिबकने पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या दोन एकरांत डाळिंब लागले की बचत शून्य. शेततळ्याचे पाहा. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार एकास एक असेल तर त्यात सुमारे २२ लाख लिटर मावते. पावसाचे वाहते पाणी त्यात घेतले तर उत्तमच. पण प्लास्टिकचा कागद अंथरून विहीर-बोअरचे पाणी वर ओढून भरले, तर आपण सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवले. उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर उडाले तरी ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज सहा हजार लिटर जातात. आणखी एक गोष्ट कथांतून हमखास निसटते. वरच्या गावाने ओढ्याचे सगळे पाणी अडवले तर खालच्या गावाने काय करायचे?

बारकावाच हवा असेल तर सलग समतल चराची, म्हणजे पाणी मुरावे म्हणून उतारावर एकाच पातळीत खणायच्या लांब चराची, आखणी घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरतात, तिची दोन टोके खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधतात आणि दोन्हीकडे पाण्याची उंची सारखी आली की त्या जागा एका पातळीत. काठी उचलून पुढे नेताना दोन्ही तोंडांवर अंगठा दाबायचा, नाहीतर पाणी सांडते आणि आधीचे वाचन वाया जाते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी दाखवते. मग चर नकळत एका बाजूला उतरता होतो. पहिल्या जोराच्या पावसात पाणी मुरायचे सोडून चरातून धावते, सखल जागी साठते, तिथला भराव फोडते आणि पुढच्या वर्षी तिथे घळ दिसते. म्हणून चरात अधूनमधून न खोदलेला मातीचा आडवा बांध राखतात. जिरवण्यासाठी खणलेला चरच माती वाहून नेतो, याहून चांगले वळण कोणत्या कथेला हवे?

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चारदा पाणीपातळी मोजतात. आपल्या कथेच्या तालुक्यातल्या एखाद्या विहिरीच्या पावसाळ्यानंतरच्या आणि मे महिन्यातल्या नोंदी लेखकाने शेजारी ठेवून पाहाव्यात. पाणी जितके हात खाली गेले, तेवढ्यात गावाचा रब्बी हंगाम, लग्नसराई आणि टँकरची वाट पाहणे, सगळे येते.

आपले,
पाणलोट विकासाच्या कामातील काही वाचक, पुणे