‘भाग ब’वर सही कोणी करायची? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

१ जुलै २०२४ रोजी फौजदारी कायद्याची तिन्ही पुस्तके बदलली. ४२० चे ३१८ झाले, ३०२ च्या जागी १०३ आले, आणि हे आकडे आता बार रूममध्ये चहा देणाऱ्या पोराच्याही तोंडी बसले आहेत. त्या तारखेआधीच्या केसेस जुन्या कायद्याने चालतात, म्हणून सकाळी एक पुस्तक आणि दुपारी दुसरे, हीही सवय झाली. तक्रार त्याची नाही. तक्रार आहे ती पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम ६३ मधल्या प्रमाणपत्राची.

मोबाइलमधला मेसेज, कॉल रेकॉर्डिंग किंवा सीसीटीव्हीचे चित्रण कोर्टात दाखल करायचे तर सोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातल्या कलम ‘पासष्ट बी’खाली ते यंत्र ज्याच्या ताब्यात, त्या जबाबदार माणसाची सही पुरत असे. नव्या कायद्याने अनुसूचीत नमुनाच छापून दिला. त्याचा भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहायची. हेतू चांगलाच आहे. बनावट चित्रफिती घरबसल्या तयार होण्याच्या काळात एवढी काळजी हवीच.

पण हा तज्ज्ञ कोण, ते कलम ६३ सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्राने अधिसूचित केलेला परीक्षकच हवा, असे एक वकील म्हणतो. संगणकाची नीट जाण असलेला कोणीही चालेल, असे दुसरा म्हणतो. (दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केसमध्ये दोघे बाजू बदलून तेच युक्तिवाद करतात. आमचा धंदाच तो.) सरकार पक्षाला याची फारशी झळ नाही. त्याच्यामागे कलिन्याची न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा आहे, नागपूर, पुणे, नाशिकच्या आहेत. झळ बसते ती खासगी फिर्यादीला, दाव्यातल्या वादीला, आणि बचावासाठी स्वतःच्या फोनमधला पुरावा देऊ पाहणाऱ्या आरोपीला.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पती-पत्नीतले गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषण घटस्फोटाच्या प्रकरणात पुरावा म्हणून येऊ शकते. वर्तमानपत्रांत मथळे आले. पण नवऱ्याच्या धमक्या फोनवर साठवून ठेवणारी बाई तालुक्याच्या गावची असेल तर? कौटुंबिक न्यायालयाला त्याच्या कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याच्या नियमांत बरीच मोकळीक आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे तिचे प्रकरण वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालते, आणि ती मोकळीक तिथे नाही. म्हणजे शहरातल्या बाईला जे सोपे, ते हिला अवघड.

चेक बाउन्सचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये, गोव्याहून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने चेक बाउन्सच्या, म्हणजे कलम एकशे अडतीसच्या, केसेस लवकर निकाली निघाव्यात म्हणून निर्देश दिले. समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजवावे आणि त्यासाठी फिर्यादीने आरोपीचा ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्यावा, असे त्यात आहे. उत्तम. आता समन्स व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल, पण ‘पैसे पुढच्या महिन्यात देतो’ हा आरोपीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दाखल करताना भाग ब कुठे आहे, अशी हरकत येईल. कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. हजेरी आणि पगाराच्या नोंदी संगणकावर, तोही मालकाच्या ताब्यात. वाद झाला की कामगार त्या सिद्ध कशा करणार?

प्रमाणपत्राने माणूस किती अडतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला की नाही, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले, आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितले की प्रमाणपत्र अनिवार्यच, मात्र कोणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येते. राजकीय पुढाऱ्यांना एका सहीसाठी एवढे करावे लागले. आणि तेव्हा तर भाग ब नव्हताच.

पुरावा हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत आहे, तेव्हा ‘केंद्राचा कायदा’ म्हणून फाइल बाजूला ठेवू नये. राज्याच्या प्रयोगशाळा कलम ७९-अ खाली अधिसूचित करून घेण्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करा, आणि कोर्टाच्या आदेशाने त्या खासगी पक्षकारांसाठीही खुल्या करा. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञांची यादी लावा, फी ठरवून द्या. ज्यांना मोफत विधी सहाय्य मिळते (आणि स्त्रियांना ते उत्पन्नाची अट न लावता मिळते), त्यांची फी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने भरावी. तहसील, पोलीस ठाणे, एसटी आगार, सरकारी रुग्णालय यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण कोर्टाने मागवले की भाग अ ठरलेल्या मुदतीत भरून मिळालाच पाहिजे, असे परिपत्रक काढायला तर दिल्लीलाही विचारावे लागत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांचा मुंबईचा फेरा वाचला, त्याबद्दल मनापासून आभार. पण तिथे अपिलात वाचला जाणारा पुरावा आधी खालच्या कोर्टात दाखल व्हावा लागतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना तीन वर्षे वकिली सक्तीची झाली आहे. त्या वर्षांत हे नमुने भरायचे काम त्यांच्याच गळ्यात पडणार आहे, आणि ‘मॅडम, भाग बवर सही कुणाची घ्यायची?’ हे ते आम्हाला विचारतात. यादी निघाली की त्यांना तिच्यातले नाव सांगता येईल.

आपली,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक वकील