तिसरा भाग अजून माझ्याकडेच आहे

कोथरूड, पुणे
रविवार, संध्याकाळ

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, तुम्ही दोघं एकदम बोलता आणि नेमकं महत्त्वाचं सुरू झालं की आई कुकर बघायला जाते. शिवाय बाबा, ‘लिहून आलं तेच दप्तरी लागतं’ हे तुमचंच वाक्य आहे. म्हणून लिहिते.

थोरला, मधली आणि धाकटी या तीन भावंडांच्या प्रेमावरच्या त्या तीन भागांच्या कादंबरीचा तुमचा तिसरा भाग मी आठ दिवसांत वाचून वाईला येणाऱ्या कुणाबरोबर तरी परत पाठवते म्हणाले होते. त्याला दीड महिना झाला. दर फोनला बाबा सहज विचारल्यासारखं ‘मग, झालं का वाचून?’ म्हणतात त्याचा अर्थ मला कळतो. पण दोष माझा नाही, भिशीचा आहे. आमच्या सोसायटीतली पुस्तकभिशी तुम्हाला माहीत आहे. आठ जणी, महिना दोनशे रुपये, आणि जिची चिठ्ठी निघेल तिने सोळाशेची पुस्तकं आणून सगळ्यांत फिरवायची. पहिले दोन भाग सगळ्यांचे वाचून झालेले, त्यामुळे तिसऱ्यावर सगळ्या टपूनच होत्या. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवात तिन्ही भाग एकत्र घेतले तर सवलत जास्त मिळत होती, तरी बाबांनी ‘पहिले दोन वाचनालयातून वाचलेत, परत कशाला?’ म्हणून एकटा तिसराच घेतला, ही गोष्ट मी इथे सांगून ठेवली होती. त्यामुळे प्रत कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. समासातली पेन्सिल कुणाची तेही.

मी अट घातली होती की आधी कादंबरी वाचायची, टिपणं नंतर. एकीनेही पाळली नाही.

बाबा, तुमचा तर इथे चाहतावर्गच तयार झाला आहे. घराची मोजणी करायला भूकरमापक येतो आणि धाकटी त्याच्या प्रेमात पडते, एवढ्यावर लेखिकेने चारशे पानं उभी केली आणि तुम्ही भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं काढलेली. पान ४१वर तो एकटाच खांद्याला पिशवी लावून येतो, तिथे तुमचं: ‘लगतधारकांना नोटीस गेली का? शिपाई कुठे?’ पान ५८वर: ‘गावठाणात सातबारा कुठून आला? मिळकत पत्रिका म्हणा.’ आणि पान ७३वर, फीत धरताना दोघांची बोटं पहिल्यांदा एकमेकांना लागतात, सगळ्या कादंबरीत हाच काय तो हळुवार क्षण, तिथे तुमचं टिपण: ‘फीत ढिली. क्षेत्र चुकणार.’ आमच्यातली आयटीतली मुलगी हे वाचून इतकी हसली की चहा सांडला. डाग दिसेल. तो माझ्या नावावर लावू नका.

आईचं वेगळं. आईचा शब्द एकच, ‘खोटं’. नऊ ठिकाणी आहे, मी मोजले. थोरला सगळ्यांदेखत वडिलांचे पाय धरून माफी मागतो तिथे मात्र एकच शब्द पुरला नाही. ‘खोटं. थोरले माफी मागत नाहीत, आंब्याची पेटी पाठवतात.’ आई, या वाक्यावर अर्धा तास चर्चा झाली. प्रत्येकीच्या घरी असा एक थोरला आहे म्हणे. दादाला सांगू नकोस.

आता मतं. आई, ‘लोकांना कसा वाटला शेवट?’ असं तू विचारलं होतंस, आणि तुला स्वतःला काय वाटलं हे बोलली नव्हतीस.

बँकेतून निवृत्त झालेल्या मॅडम सगळ्यात चिडल्या आहेत. तीनशे नव्वद पानं धाकटीचं लग्न लांबवलं आणि शेवटी सहा पानांत उरकलं. ‘वऱ्हाड बसायच्या आत पंगत उठली,’ असं त्या म्हणाल्या. मला पटलं. पहिल्या भागात थोरल्याच्या नुसत्या साखरपुड्याला अख्खं प्रकरण आहे, सनईवाल्याशी घासाघीस होते तीसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मात्र सगळंच आवडलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे. दोन भाग रडवलंत, आता गोड करा. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण त्या वाद ऐकता ऐकता सगळ्यांना खोबऱ्याच्या वड्या वाढतात.

आयटीतल्या मुलीचा राग निराळाच. अशा कादंबऱ्यांत शेवटच्या भागात आधीच्या जोड्यांना बक्षीस म्हणून मूल देतात, असं ती म्हणते. इथेही मधलीचं बारसं आहेच, बावीस पानं. दुसऱ्या भागात जी बाई घटस्फोट घेऊन, नोकरी धरून ताठ उभी राहिली ती इथे फक्त पाळण्याची दोरी ओढते. माझी तक्रार थोडी त्याच अंगाची आहे. थोरला-थोरली आणि मधली-मधला पाहुण्यासारखे येतात आणि चार दिवस हलतच नाहीत. कादंबरी धाकटीची, आणि स्वयंपाकघरात उभी कोण, तर धाकटीच.

इंग्रजी शिकवायच्या त्या बाईंनी (त्यांना आम्ही सगळ्या बाईच म्हणतो) मग आमची शाळा घेतली. तीन भागांची कादंबरी हा लंडनच्या वाचनालयांचा उद्योग, म्हणाल्या. चार्ल्स मुडी नावाच्या माणसाने १८४२ मध्ये पुस्तकं भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आणि तेवढ्यात एका वेळी एकच भाग घरी न्यायचा. एक कादंबरी तीन भागांत असली की एकाच वेळी तीन सभासदांकडे फिरते. विकत घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग, म्हणजे कुणी घेतच नसे. प्रकाशक खूश, वाचनालय खूश, आणि लेखकाने तीन भाग भरायला मधला भाग फुगवायचा. शेवटी त्याच वाचनालयांना ते परवडेना आणि १८९४ मध्ये त्यांनीच तो प्रकार बंद पाडला. बाबा, ‘तीन भाग म्हणजे तीनदा खिशात हात’ हे तुम्ही स्टॉलवर मोठ्याने बोललात आणि मी तुम्हाला गप्प केलं होतं. मागे घेते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो धाकटीने लग्न करायलाच हवं होतं का, यावर. बाई म्हणाल्या, हा हट्ट वाचकांचा असतो, लेखकाचा नसतो. आई, तुझी ‘चौघीजणी’ आठवते ना, शांता शेळक्यांनी केलेली, जिची पाठीची शिवण तू दोनदा डिंकाने चिकटवलीस? त्याच्या मूळ पुस्तकाचा, ‘लिटल विमेन’चा, पहिला भाग १८६८ मध्ये आला, आणि लगेच मुलींची पत्रं सुरू झाली की चौघींतल्या ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. लेखिकेला, लुईसा अल्कॉटला, ते अजिबात नको होतं. पुढच्या वर्षी दुसरा भाग लिहिला तेव्हा तिने लग्न लावलं, पण लॉरीशी नाही, एका पोक्त प्रोफेसरशी. स्वतः तिने लग्न केलंच नाही. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, ‘म्हणजे आपला भूकरमापक हा प्रोफेसरच झाला की! वाचकांची तोंडं बंद करायला आणलेला.’ यावर तुझं पान ३०२वरचं टिपण मी वाचून दाखवलं: ‘मुलगा बरा आहे, पण बोलतो फार.’ ठराव एकमताने मंजूर.

मग बाबांचा हिशोब निघाला, शेवटच्या कोऱ्या पानावरचा. पहिल्या भागात थोरल्याच्या लग्नात धाकटी पाचवीत, तिसरा भाग त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे वय बावीस-तेवीस. इथे ती तेहतीस. ‘दहा-अकरा वर्षांचा ताळमेळ लागत नाही,’ असं लिहून तुम्ही खाली दोन रेघा ओढल्या आहेत. चूक ती चूकच, छापण्याआधी कुणीतरी पाहायला हवी होती. पण काकू वडीची ताटली खाली ठेवून म्हणाल्या, ‘लागणार कसा? बाकीचे प्रेमात होते, तेव्हा ती खानावळीत पोळ्या लाटत होती. ती वर्षं कोण मोजतंय?’ एरवी सगळं आवडणाऱ्या बाईने हे बोलावं म्हणून सगळ्या जरा गप्प बसल्या. मीही. मी शेंडेफळ असले तरी माझी तशी काही तक्रार नाही, उगाच अर्थ काढू नका.

आई, बाबा हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवत असणार. इथे त्यांना चहा टाकायला पाठव आणि पुढचं तू वाच.

पान २१२. खानावळीच्या मागच्या पायरीवर धाकटीची आई मेथी निवडत बसलेली असते आणि एकदम स्वतःच्या लग्नाबद्दल बोलते. बघायला आले होते ते मोठ्या बहिणीला. चहाचा ट्रे हिच्या हातात होता, म्हणून पसंत ही पडली. आठ दिवसांत याद्या झाल्या. वाईट झालं असं ती म्हणत नाही, नवऱ्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. तुला चालेल का, असं कुणी विचारलं नाही, एवढंच. जेमतेम दीड पान आहे, आणि मग लेखिकेने फोन वाजवला, भूकरमापक आला, संपलं. मला विचारशील तर तिन्ही भागांत हे दीड पान सगळ्यात खरं आहे आणि लेखिकेलाच त्याची भीती वाटली असावी. प्रेमाची कादंबरी म्हणून बाराशे पानं लिहिली, प्रत्येक पोराच्या प्रेमाला एकेक भाग दिला, आणि त्या पोरांच्या आईला पायरीवरची दीड पानं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढून त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूला तिची सगळी कहाणी तिच्याच तोंडून सांगू दिली. परवा अप्पा बळवंत चौकातून हरिभाऊंच्या आनंदाश्रमावरून येताना मला तेच आठवत होतं. सव्वाशे वर्षं उलटून गेली आणि आमची लेखिका फोन वाजवते.

त्या पानावर तू ‘खोटं’ लिहिलेलं नाहीस. तू काहीतरी लिहून खोडलं आहेस. चांगल्या चार ओळी आहेत, खोडरबराने कागद मऊ पडलाय. दिवा तिरका धरून मी वाचायचा प्रयत्न केला, हे कबूल करते. ‘मला’ एवढं लागलं, पुढचं नाही. मग मीच दिवा बंद केला. भिशीतल्या बायकांनीही ते पाहिलं असणार, कारण त्या पानावर कुणी चकार शब्द काढला नाही आणि आमच्यात असं होत नसतं.

तुमच्या लग्नाची गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली आहे. पाऊस, चुकलेली एसटी, बाबांचे उसने बूट, तुझ्या काकांनी विचारलेलं गणित. सगळी बाबांच्या तोंडून. तू शेजारी बसून हसतेस आणि बुटांचा रंग तेवढा दुरुस्त करतेस. तुझ्या तोंडून ती गोष्ट मी एकदाही ऐकलेली नाही, हे मला त्या पानाशी आल्यावर कळलं. सांगावंसं वाटलं तर सांग. पत्राने सांग, फोनवर नको. नाही सांगितलंस तरी मी खोदून विचारणार नाही.

बाबा आले असतील चहा घेऊन. आता मोठ्याने वाचा.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे, दोन दिवस राहीन. पुस्तक घेऊन येते. बाबा, तुमच्या गुडघ्याचं तेल आणि आईच्या चष्म्याची दांडी दोन्ही आणते. दुकानदार म्हणतो दांडी बदलण्यापेक्षा फ्रेम नवी घ्या, पण ते तुम्हाला पटणार नाही म्हणून मी विचारतच नाही. आईने केलेली कुळथाची पिठी संपलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आणि बाबा, भिशीचा निरोप आहे: वाचनालयाच्या पुस्तकावर तुम्ही पेन्सिल चालवत नाही हे मान्य, पण पहिल्या दोन भागांवरची टिपणं वेगळ्या वहीत लिहून द्याल का, असं विचारलंय. वही आम्ही देऊ.

तुमची,
छोटी

ता. क. पान १६०वर आईच्या ‘खोटं’खाली निळ्या शाईत ‘अजिबात नाही!’ असं लिहिलेलं दिसेल. ते माझं अक्षर नाही. कुणाचं ते मला माहीत आहे, आणि वड्या फार चांगल्या असतात म्हणून मी बोलले नाही.