डबल शॉकर घेतली, गड्या!

बेंटनव्हिल, आर्कान्सॉ
10 नोव्हेंबर

प्रिय सुन्या,

व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकला असता तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून मुद्दाम पत्र लिहितोय. दुकानात गिऱ्हाईक असेल तर रात्री वाच, पण सगळं वाच. मी सायकल घेतली. आणि ती, आता हसू नकोस, डबल शॉकर आहे, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअपवाली.

तुझं तोंड मला इथून दिसतंय. दहावीच्या सुट्टीत तुमच्या दुकानात पहिली डबल शॉकर आली होती ती आठवते? लाल-पिवळी, मागे बोटाएवढ्या जाड तारेची स्प्रिंग. तू मार्केटपर्यंत चक्कर मारून आलास आणि अण्णांना म्हणालास, "ही सायकल न्हवं, पाळणा हाय. पॅडल मारलं की पुढं जायच्या आधी खालवर हुतीय." पुढे त्याच गिऱ्हाइकाला तू स्प्रिंग काढून तिथे लोखंडी पट्टी वेल्ड करून दिलीस आणि तो इतका खूश झाला की आपल्या दोघांना उसाचा रस पाजला. तेव्हापासून स्प्रिंगवाली सायकल म्हणजे फसवणूक हे आपलं ठरून गेलं. एवढी वर्षं तुझं हे मत मी माझंच समजून वापरलं. आता परत करतोय.

दोष या गावाचा. बेंटनव्हिल म्हणजे वॉलमार्टचं माहेर. सॅम वॉल्टननं 1950 मध्ये इथल्या चौकात दुकान टाकलं, ते अजून म्युझियम म्हणून उभं आहे. आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले इथे पोटापाण्यासाठी येतात. पण वॉल्टनच्या नातवांना, टॉम आणि स्टुअर्टला, सायकलीचं वेड. 2007 मध्ये गावाला लागून असलेल्या स्लॉटर पेनच्या रानात पाचेक मैलांची पहिली वाट सायकलींसाठी आखली आणि मग हे थांबलंच नाही. आता सहा मजली ऑफिसची एक इमारत आहे, तिच्या बाहेरच्या रॅम्पवरून सायकल मारत थेट वर जाता येतं. गाव स्वतःला माउंटन बाइकिंगची जागतिक राजधानी म्हणवतं. अमेरिकेत प्रत्येक गाव कशाची ना कशाची राजधानी असतंच, ते सोड.

डोंगर म्हणशील तर आपल्या दंडोबापुढे ही टेंगळंच. पण जमीन खट आहे. चुनखडीत गारगोटीसारखा दगड, चर्ट म्हणतात त्याला, त्याच्या कडा पात्यासारख्या. सध्या वर ओक आणि हिकरीच्या पानांचा घोटाभर थर, त्यामुळे खाली काय वाढून ठेवलंय ते चाक टेकल्यावरच कळतं.

तुझ्या शिकवणीप्रमाणे मी हार्डटेल घ्यायलाच गेलो होतो, म्हणजे शॉकअप फक्त पुढे. दुकानातल्या पोरानं दोन्ही सायकली दिल्या आणि मागच्या गल्लीतल्या त्याच खडकाळ तुकड्यावरून दोनदोन फेऱ्या मारायला सांगितल्या. हार्डटेलवर दुसऱ्या फेरीला माझ्या कमरेनं हात जोडले. दुसरीवर कंबर गप्प. शेहेचाळिसाव्या वर्षी कंबर बोलते तेव्हा तत्त्वं बाजूला ठेवावी लागतात.

घेतली ती ट्रेकची फ्युएल ईएक्स 8. ॲल्युमिनियमची फ्रेम, 29 इंची चाकं, शॉकअपचा खेळ पुढे 150 आणि मागे 140 मिलिमीटर. वजन 15 किलोच्या आसपास. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी वेगळी विकत घेतली. पुढे एकच चक्र, मागे 12, त्यातलं सगळ्यात मोठं 51 दातांचं. खरं सांगतो, आईची पुरण करायची चाळण आठवली. किंमत तुला डॉलरमध्येच सांगतो: चार हजारांना थोडी कमी, वर साडेनऊ टक्के टॅक्स. रुपये करू नकोस. मी केले आणि रात्रभर झोप लागली नाही. तुझ्या वहिनीनं केले आणि पुढच्या रात्रीही मला झोपू दिलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त ते त्या स्प्रिंगपुरतं होतं. ती जेवढी दबायची तेवढीच उसळायची, आवरायला कोणी नव्हतं. माझ्या शॉकअपात तारेची स्प्रिंगच नाही. दबायला हवा आहे आणि हवेला आवरायला तेल. बँकेच्या काचेच्या दाराला वर क्लोजर असतो बघ, दार ढकललं की उघडतं आणि परत येताना दमानं येतं, तसलाच प्रकार. पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते, त्यात उसळीचा जोर जिरतो आणि तेल तेवढं गरम होतं. परत यायचा वेग एका लाल स्क्रूवर. टिक, टिक, एकेक खाच फिरवत जायचं.

मग पाळणा का होत नाही? मी दुकानात हेच विचारलं, तुझ्या वतीनं. मेख मागचं चाक धरणारा चिमटा ज्या बिजागरीवर हलतो तिच्या जागेत आहे. पॅडल मारलं की अंगाचा भार मागे जातो आणि शॉकअप दबू बघतं. पण त्याच वेळी चेनची ओढ, बिजागरी मुद्दाम हेरलेल्या जागी असल्यामुळे, चाकाला खाली रेटते. दोघं एकमेकांना बरंचसं खोडतात. म्हणून चढावर बसून मारली तरी डोलते ती अगदी कणभर. त्या लाल-पिवळीची बिजागरी म्हणजे एक बोल्ट नि दोन वॉशर होते. इथे प्रत्येक सांध्यात सीलबंद बेअरिंग. छर्रे मोजून ग्रीसमध्ये बसवायचं तुझं काम इथे कुणाला येत नाही. बेअरिंग दाबून बाहेर काढतात, नवं आत ठोकतात. दर 125 तासांनी किंवा वर्षानं शॉकअपचं काम करून घ्यायचं असतं, हे मात्र विकताना हळू आवाजात सांगतात.

हवा भरायचीही रीत आहे. हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं अंगावर घेऊन सायकलवर बसायचं. मागच्या शॉकअपच्या दांडीवर एक रबरी कडं असतं, ते सरकतं. दांडी एकूण 55 मिलिमीटर आत जाते (तेवढ्यात चाक ते 140 मिलिमीटर हलतं), त्या 55 मधली साधारण 16-17 नुसत्या वजनानं दबली पाहिजे. मला वाटलं, आधीच दबलेलं शॉकअप काय कामाचं? तर चाकाला वर जायला जशी जागा लागते तशी खड्ड्यात उतरायलाही लागते. पूर्ण ताठ शॉकअप खड्ड्यावरून उडून जातं आणि आपण त्याच्याबरोबर. हे ऐकलं आणि मला एकदम तू आठवलास. स्पोक वाजवून बघत रिमचा आऊट, म्हणजे चाकाचं डोलणं, काढायचास, तेव्हा म्हणायचास, सगळे ताठ करून भागत नाही, ताणाचा मेळ बसला पाहिजे.

पहिला रविवार. कोलर नावाचं जंगल आहे. आत मध्यावर एक कॉफीचं दुकान, तिथपर्यंत गाडी नेताच येत नाही, चालत या नाहीतर सायकलनं. वाटांना पाट्या असतात: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा म्हणजे घरी सांगून या. मी निळ्यावर गेलो. चढ मजेत. उताराच्या तोंडाशी सीट खाली केली. हो, ते राहिलंच: डाव्या अंगठ्याखाली एक खटका असतो, तो दाबून बूड टेकवलं की सीट खाली जाते, उठून दाबला की टुणकन वर येते. मला या वयात दिवसभर तेच खेळत बसावंसं वाटलं.

उतार लागला. पानांखालून दोन खडक वर आले. वेग जरा जास्त वाटला, आणि अण्णांनी आपल्याला दंडोबावर शिकवलेलं डोक्यात घुमलं: उताराला पुढचा ब्रेक धरायचा नाही, मागचाच. मी डावा ब्रेक दाबला.

तुझ्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा, डाव्या हाताला मागचा. अमेरिकेत उलटं. इतकी वर्षं सुपरमार्केटातली स्वस्त सायकल सपाट रस्त्यावर चालवली, तिचे ब्रेक इतके दुबळे की कुठला पुढचा नि कुठला मागचा, काही फरकच पडायचा नाही. हे डिस्क ब्रेक, तेलावर चालणारे, एका बोटानं चाक थांबवणारे. मी चारही बोटांनी आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पानांच्या ढिगात. ढिगाखाली अर्थातच गारगोटी.

कोपर सोललं, गुडघ्याला पॅड होतं म्हणून वाचला. हेल्मेटला खरचटा. मी उठायच्या आत मागून दहा-बारा वर्षांची पोरगी आली, "यू ओके?" विचारलं, मी अंगठा दाखवला, आणि ती त्याच दोन खडकांवरून, बूड न टेकवता, बोलत बोलत निघून गेली. पडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुकानदार म्हणाला, सवय होईल. मी म्हटलं, नको, पाइप इकडचे तिकडे कर. या वयात हात बदलण्यापेक्षा पाइप बदललेले बरे. आता माझ्या सायकलचा ब्रेक मिरजेच्या कायद्यानं चालतो, आणि इथल्या कुणी मागितलीच चालवायला तर आधी ताकीद द्यावी लागते.

दुसऱ्या रविवारी त्याच वाटेला गेलो. या वेळी उभा राहिलो, कोपरं बाहेर, गुडघे सैल, नजर दगडावर न ठेवता दगडाच्या पलीकडे. आपण ॲटलसवरून दंडोबा उतरायचो तेव्हा प्रत्येक खडा दातांत यायचा, आठवतं? ब्रेकच्या गुटक्यांचा जळका वास, आणि खाली पोचेपर्यंत हात इतके बधिर की चहाचा ग्लास धरवायचा नाही. इथे खडक आले ते वाकळेखालून आल्यासारखे आले. चाकं खाली आपापली वर-खाली करत होती आणि वर मी होतो, जवळजवळ स्वस्थ. दोन्ही खडक कधी गेले कळलं नाही. खाली येऊन थांबलो आणि बघितलं तर रबरी कडं दांडीच्या टोकाला जाऊन बसलेलं. म्हणजे सगळा खेळ वापरला होता, आणि मला धक्का एकही पोचला नव्हता. मी परत वर चढलो आणि परत उतरलो. चार वेळा. घरी पोचलो तेव्हा जेवणं होऊन गेली होती.

तुझं समाधान म्हणून हेही सांगतो: डांबरी सपाटीवर ही म्हैस आहे. जाड टायर घूं घूं करतात आणि साध्या सायकलवाल्या आज्ज्या मला मागे टाकतात. भाजी आणायला ही न्यायची नाही. त्यासाठी ॲटलसच. साहिबाबादचा कारखाना बंद पडला त्या दिवशी, 3 जून 2020 ला, तू फोनवर बराच वेळ काही बोलला नव्हतास. तुमच्या पोटमाळ्यावरची काळी ॲटलस अजून आहे ना? विकलीस तर बघ.

आता कामाचं. परवापासून पॅडल जोरात मारलं की खालून करकर येते. बसून मारली तर येते, उभा राहिलो की बंद. ओल्या दिवशी कमी. दुकानातला पोरगा म्हणाला, आणून टाक, आठवड्यानं बघू. मी काही टाकणार नाही. सतारमेकरांच्या शेजारी वाढलेला तुझा कान मला ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली की तू आतून सांगायचास, बीबी, म्हणजे पॅडलच्या मधला आस, गेलाय की नुसतं पॅडल सैल आहे. येत्या रविवारी, तुझ्याकडे रात्री साडेआठला, दुकान बंद झाल्यावर फोन लावतो. मोबाइल फ्रेमला बांधून गल्लीत चक्कर मारतो, तू नुसतं ऐक. माझा संशय सीटच्या दांडीवर आहे, पण तू आधी सांग, मग मी माझं सांगतो.

काकूंना नमस्कार. पोरांना सांग, डिसेंबरात येतोय, चॉकलेटं आणतो. तुला काय आणू? शॉकअपचा पंप?

तुझा,
बंड्या