नुसतं 'वय झालं' म्हणू नकोस

सांगली,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय चिमणे,

परवा फोनवर मी म्हटलं, 'हल्ली फार विसरायला होतं गं', तर तू लगेच म्हणालीस, 'वय झालं आपलं! मीसुद्धा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.' मला धीर यावा म्हणूनच म्हणालीस, ते कळलं मला. पण रात्रभर ते वाक्य मनात घोळत राहिलं. सून शेजारीच पोळ्या लाटत होती, त्यामुळे पुढे बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

श्रावणात एका नव्या नवरीचा मंगळागौरीचा ब्लाऊज माझ्याकडे आला होता. मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. तू शिवत नाहीस म्हणून सांगते, बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याकडचा गोल, पुढून जास्त खोल कापतात, मागून कमी. सुलट-उलट न बघता कात्री चालवली की दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होतात. शिकाऊ मुलींची ही पहिल्या महिन्यातली चूक. माझ्या हातून तीस वर्षांत कधी झाली नव्हती. कापड साडीतलंच होतं, दुसरं मिळणार नव्हतं. भरपाई दिली, पण त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आणि हे एवढंच नाही. पूर्वी मशीन चालू ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायचे, मनातल्या मनात अस्तराचा हिशोब करायचे, गॅसवरच्या दुधाकडेही लक्ष असायचं. आता कुणी बोलायला लागलं की पायच थांबतो. एका वेळी एकच काम होतं, तेही सावकाश.

खरी भीती वाटली ती गोळ्यांमुळे. एआरटीची, म्हणजे माझ्या एचआयव्हीच्या औषधाची, बाटली तीस गोळ्यांची असते, रोज एक. मी ती बटणांच्या डब्यात तळाशी ठेवते, लेबल खरवडून. भाद्रपदात मोजल्या तर नऊ उरायला हव्या होत्या, निघाल्या बारा. तीन दिवस मी गोळी घेतलीच नव्हती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. वीस वर्षं एक गोळी चुकवली नाही, चिमणे. संस्थेच्या कामावर होते तेव्हा बारा वर्षं गावोगाव फिरून दुसऱ्यांना हेच बजावत होते, की गोळ्या सारख्या चुकल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

मग गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवर डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर न लिहिता तिथेच एक चाचणी घेतली. आधी चार शब्द सांगितले आणि म्हणाल्या, लक्षात ठेवा, शेवटी विचारीन : कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पाच सेकंद भराभर जुळवून उघडायला लावलं. बोटं माझ्या मनाइतकी पळेनात. मग टेबलावर मूठ, पालथा तळवा, उभा हात असं ओळीने दहा सेकंद. मी तिसऱ्या फेरीनंतर अडखळले. शेवटी चार शब्द विचारले. कुत्रा, टोपी, लाल. चौथा येईना. कोरेगावची मी, वाघ्या घेवड्याच्या वावरात वाढलेली! त्या म्हणाल्या, 'भाजी आहे.' आणि त्याच क्षणी घेवडा आठवला, त्याच्यावरचे पट्टेसुद्धा दिसले.

सूचना दिल्यावर आठवलं म्हणून अर्धा गुण. बारापैकी साडेनऊ झाले. दहा किंवा त्याखाली आले की पुढे तपासावं, असा नियम आहे. घेवड्यावरूनच त्यांनी मला समजावलं. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा नवी गोष्ट मनात साठतच नाही, त्यामुळे सूचना देऊन फारसा उपयोग होत नाही. एचआयव्हीमुळे मेंदू मंदावतो तेव्हा गोष्ट आत असते, ती बाहेर काढायला वेळ लागतो. हाताचा वेग, लक्ष, दोन कामं एकदम सांभाळणं, आखणी, या गोष्टी आधी ढासळतात. बाह्या कापताना नेमकं हेच लागतं.

विषाणू रक्तात असतो एवढंच आपण ऐकलेलं. पण लागण झाल्यावर थोड्याच आठवड्यांत तो मेंदूत पोचतो. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी मेंदूत ये-जा करतात, त्यांच्याच आडून तो आत शिरतो. गंमत नाही ही, आपल्याच राखणदाराच्या खांद्यावर बसून चोर यावा तसं आहे. विचार करणाऱ्या मज्जापेशींना तो थेट धरत नाही. मेंदूची राखण करणाऱ्या पेशींत घर करतो, आणि त्या पेशी चवताळून जी सूज धरतात तिची झळ मज्जापेशींना बसते. गोळ्यांनी रक्तातला विषाणू दिसेनासा होतो. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, कितीतरी वर्षं तपासात दिसत नाही. पण चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी राखेत धग राहते, तशी ती सूज थोडी राहते.

सरकारने मोफत एआरटी सुरू केली 1 एप्रिल 2004 ला. माझी 2005 साली सुरू झाली, तेव्हा सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, 87 होता. निरोगी माणसाचा पाचशेच्या वर असतो. तो एकदा जितका खाली गेलेला असेल, तितका पुढे मेंदूला धोका जास्त. म्हणजे हे गोळ्या उशिरा सुरू होऊन वाचलेल्या आम्हा जुन्या लोकांचं दुखणं आहे. आता लागण कळल्याबरोबर गोळ्या सुरू होतात, त्या पोरांना एवढं भोगावं लागू नये.

तुझं म्हणणं खोटं नाही. वयाने सगळ्यांचाच वेग कमी होतो, आणि वय ज्याला धक्का लावतं त्यालाच हा विषाणूही लावतो. त्यात बीपी आणि साखर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. मी सत्तावन्न वर्षांची, बीपीवाली. यातलं कशाचं किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. पण 'वयच झालं' म्हणून सोडून दिलं असतं तर बी-बारा जीवनसत्त्व तपासलंच नसतं. ते फार कमी निघालं. आपण माळकरी, मांस-मासे-अंडी कधी नाही, त्यामुळे असं होऊ शकतं. इंजेक्शनं घेतली, झोपेचं बघितलं, थायरॉइड बघितलं. मन खचलं असलं तरी माणूस असंच विसरतो, म्हणून तेही विचारलं. आता थोडा फरक आहे. सगळं परत आलेलं नाही.

वेड लागेल का, असंही मी विचारलं. अमेरिकेत 1,555 पॉझिटिव्ह लोकांना तपासलं होतं, 2010 साली छापून आलं. जवळपास निम्म्यांत काही ना काही कमी सापडलं, पण बहुतेकांत सौम्य. खरा डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणंच कोलमडावं असा स्मृतिभ्रंश, शंभरात दोघांना. आणि अलीकडे तज्ज्ञच म्हणू लागलेत की नुसत्या चाचणीच्या गुणांवरून कुणाला आजारी ठरवू नये, कारण शाळा किती शिकलात यावरही ते गुण ठरतात. मी सातवी पास. हे ऐकून जिवाला फार बरं वाटलं.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. बीपीची गोळी माझी एकदाही चुकत नाही. ती फ्रिजवर उघडी असते आणि सून रोज सकाळी ओरडून विचारते, 'आई, बीपीची घेतली का?' दुसरी गोळी बटणांखाली, आणि तिच्याबद्दल विचारणारं घरात कुणी नाही. मुलाला वडील कशाने गेले ते माहीत आहे, माझं माहीत नाही. इतकी वर्षं लपवणं मला जमलं कारण माझी आठवण पक्की होती. आता ती उरली नाही, तर लपवून कसं चालेल? कायद्याने माझ्या परवानगीशिवाय कुणी माझं सांगू शकत नाही, हा आधार मोठा आहे. पण तोंड मलाच उघडायला हवं.

मी सुनेला सांगायचं ठरवलंय. मुलाच्या आधी तिला. ती शहाणी आहे, तरी माझी छाती धडधडते, आणि ऐनवेळी शब्द हरवले तर काय, ही भीती वेगळीच. तुला 2002 पासून माहीत आहे. सांगताना तू शेजारी हवीस. मी अडखळले तर पुढचं वाक्य तू पूर्ण कर, शाळेत पाढे म्हणताना करायचीस तसं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी ये. मुलाला शनिवारी कामावर जायचं असतं, दुपारपर्यंत आम्ही दोघीच घरात असतो. निघण्याआधी फोन कर, सूनच उचलेल, तिला म्हण की ब्लाऊज टाकायला येतेय. आणि खरंच एक कापड घेऊन ये. बाह्या मी आधी कागदावर कापून बघेन.

तुझी,
साळुंकी