फवारणाऱ्या मजुराची जबाबदारी कुणी घ्यायची?

मा. संपादक,

दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, मुंबई-ठाण्यातल्या कारखान्यांत कामगार शपथ घेतात. भांडुपच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरी करताना मीही हा दिवस मनापासून पाळला. पण वाशीच्या बाजारात येणारा भाजीपाला आणि द्राक्षे जो मजूर पिकवतो, त्याच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही.

कारखान्यात फिरत्या पट्ट्याला जाळी नसेल तर मालकाला जाब द्यावा लागतो. शेतात ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरचे, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला पुरवणाऱ्या फिरत्या दांड्यावरचे, आवरण सर्रास काढून ठेवलेले असते. पदर किंवा बाही अडकली की माणूस ओढला जातो. मळणीयंत्रांसाठी १९८३ पासून धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा आहे, पण गावात त्याचे नाव ऐकलेला माणूस मला भेटलेला नाही.

फवारणीचे तर विचारूच नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी पुरुषभर वाढलेली, त्यामुळे औषध थेट तोंडावर येत होते. पुढे सगळा उपदेश मजुरालाच: मास्क लावा, वाऱ्याच्या दिशेने फवारा. वास्तविक कीटकनाशक नियम, १९७१ नुसार फवारणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे मिळायला हवेत आणि प्रशिक्षणाची व्यवस्था उत्पादक व वितरकांनी करायची आहे. कारखान्यात आम्ही आधी पाहायचो, की हे रसायन टाळता येईल का, कमी विषारी चालेल का, कामाची वेळ बदलता येईल का. मास्क सगळ्यांत शेवटी. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर पंप पाठीवर वाहणे माणसाला झेपत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून औषध कोणते, किती वाजता आणि सलग किती वेळ फवारायचे, हे काम देणाऱ्यानेच ठरवायला हवे.

दोन-अडीच एकरवाला शेतकरी हे एकट्याने कसे करणार, हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याचदा पंप त्याच्याच पाठीवर असतो. म्हणूनच औषध विकून नफा कमावणाऱ्यांवर भार जास्त हवा. कृषी सेवा केंद्राच्या तपासणीत साठा आणि पावत्यांबरोबर प्रशिक्षण कधी दिले, कुणाला दिले, हेही पाहावे.

अपघात झालाच तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. त्याच बांधावर राबणारा भूमिहीन मजूर त्यात नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो. शेतीतील सुरक्षेबाबतच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००१ च्या करारालाही (क्र. १८४) भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही.

विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते, तेव्हाच फवारणीचा हंगामही सुरू होतो. त्या अधिवेशनात मुंबईच्या आमदारांनीही हा विषय मांडावा आणि शेतमजुरांना या योजनेत घेण्याचा निर्णय सरकारकडून करून घ्यावा.

— एक निवृत्त सुरक्षा अधिकारी, मुलुंड