बतुकम्मा म्हणजे तेलुगू भोंडला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्वपित्री अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकाच्या शहर पानावर सोलापूरच्या पूर्व भागातील बतुकम्मा या तेलंगणातील फुलांच्या सणाचे छायाचित्र 'तेलुगू भाषकांचा भोंडला' या शीर्षकाखाली प्रसिद्ध झाले. छायाचित्र सुरेख होते. त्याखालच्या दोन ओळींत मात्र 'रानफुलांची आकर्षक आरास' आणि 'नवरात्रोत्सवास उत्साहात प्रारंभ' एवढाच मजकूर होता, आणि तो दोन्ही ठिकाणी चुकला होता. पूर्व भागातील एका शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवले. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले घरी तेलुगू बोलणारी होती आणि भोंडल्याचा धडा आला की मीही त्यांना बतुकम्माचीच उपमा देत असे, तेव्हा ही चूक दाखवताना माझा स्वतःचाही कान मी धरतो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा गैरसमज दूर झाला तो काही वर्षांपूर्वी, एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून त्याच्या पूर्वजांच्या तेलंगणातील गावी ऐन भाद्रपदअखेर गेलो तेव्हा. गाव पोचमपल्लीच्या परिसरातले. विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली ते हेच पोचमपल्ली, एवढे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण ते विणकरांचे गाव आहे, हे सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरातही फारसे कोणी सांगत नाही.

त्या मुलखातल्या गावाची घडी कळली की बतुकम्मा आपोआप कळते. गावाच्या मध्यभागी 'बोड्राई' नावाचा दगड रोवलेला असतो. बोड्डु म्हणजे बेंबी आणि राई म्हणजे दगड. म्हणजे ही गावाची बेंबी. तिचा उत्सव असतो तेव्हा सासरी गेलेल्या सगळ्या लेकींना माहेरी बोलावणे जाते. गावाच्या कडेला 'चेरुवु', म्हणजे तलाव. काकतीय राजांच्या काळापासून तेलंगणात असे तलाव एकाखाली एक बांधत नेले. वरचा भरला की सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्यात उतरते. तलावाच्या बांधाला कट्टा म्हणतात, आणि त्या कट्ट्यावर बांध राखणारी देवी बसलेली असते, कट्टमैसम्मा. शेतांना पाणी वाटून देणारा गावकामगारही वेगळा असे. खडकाळ, बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात गाव जगते ते या पाण्यावर, आणि पावसाळा सरताना तो तलाव काठोकाठ भरलेला असतो नेमका तेव्हाच हा सण येतो.

तेलुगूत बतुकु म्हणजे जगणे. देवीची मूर्ती नसते, फुलेच देवी असतात. पसरट तबकात फुलांचे थरावर थर रचून शिखर उभे करतात, वर हळदीची गौरम्मा ठेवतात, भोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि 'उय्यालो'चे पालुपद घोळवत शेवटी ते सारे तलावात सोडून देतात. भोंडल्यातही फेर आहे, गाणी आहेत, आणि हस्त नक्षत्रावरचा हादगा हाही मुळात पावसाशीच बांधलेला आहे, त्यामुळे दोघी नात्यातल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. पण भोंडल्याचा हत्ती पाटावर राहतो आणि खेळतात त्या बहुधा मुली. बतुकम्मा उचलून पाण्यापर्यंत न्यावी लागते, आणि ती नेण्यात घरातली आजी सगळ्यांत पुढे असते.

आता नवरात्राविषयी. बतुकम्माचा पहिला दिवस घटस्थापनेचा नसून त्याआधीच्या अमावस्येचा आहे. ज्या दिवशी आपण पितरांना जेवू घालतो आणि शुभकार्य टाळतो, त्याच दिवशी तिकडच्या बायका 'एंगिली पुव्वुल बतुकम्मा', म्हणजे उष्ट्या फुलांची बतुकम्मा, मांडतात. नऊ दिवसांच्या प्रत्येक दिवसाला स्वतंत्र नाव आहे. सहावा दिवस 'अलिगिन बतुकम्मा', देवी रुसलेली असते म्हणून त्या दिवशी तिला काही वाहत नाहीत. (देवीलाही एक सुटी हवी, असे त्या घरातील आजी मला म्हणाल्या, आणि त्यात मला थोडा स्वानुभव दिसला.) दुर्गाष्टमीच्या सुमारास 'सद्दुल बतुकम्मा'ने सांगता होते.

या सुटीचे मोल त्या घरांतील बायकांची कामे पाहिली म्हणजे समजते. पोचमपल्लीच्या साडीचे सूत रंगवण्याआधी खुंट्यांवर गुंडाळावे लागते, त्याला 'आसु' म्हणतात. एका साडीसाठी सुमारे 9000 वेळा हात वर-खाली न्यावा लागतो आणि हे काम परंपरेने घरातल्या बाईचे. आईचे दुखणारे हात पाहून चिंतकिंदी मल्लेशम् या विणकराने त्यासाठी यंत्र तयार केले, त्याला आईचेच नाव दिले आणि 2017 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे 1877 साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाल्यानंतर माग आणि गिरण्यांच्या ओढीने, दुष्काळाला कंटाळून, तेलंगणातून जी कुटुंबे आली, त्यांच्या लेकीसुनांच्या मांडीवर पुढे विडीचे सूप आले. हजार विड्यांचा हिशेब चुकता करून त्या संध्याकाळी तबक घेऊन चौकात उतरतात. त्या चौकात चेरुवु नाही, कट्टा नाही, कट्टमैसम्मा नाही. तरीही विसर्जनासाठी पाणी शोधत जातात, कारण पाण्याखेरीज हा सण पुरा होत नाही. सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला म्हणून ज्या शहराची ओळख सांगितली जाते, तिथल्या वाचकाला हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

आणि ती 'रानफुले'. पिवळे फूल तंगेडु, म्हणजे आपला तरवड. तेलंगणाने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. टोकदार पांढरे तुरे गुनुगुचे, म्हणजे आपल्या ज्वारीच्या शेतातला कुरडू. त्याचे तुरे रंगात बुडवून लाल, निळे, हिरवे करतात. बाकी झेंडू, शेवंती आणि भोपळ्याचे फूल. यातले एकही फूल सोलापूरकराला अनोळखी नाही, तरवड तर अक्कलकोट रस्त्याच्या माळावर हवा तेवढा फुललेला सापडेल.

उत्सवाचे अजून काही दिवस शिल्लक आहेत. पुढील छायाचित्रांखाली त्या त्या दिवसाचे नाव आणि फुलांची मराठी नावे छापावीत, आणि जमल्यास चौकातील एखाद्या आजीला त्या दिवसाचा अर्थ विचारून तो तिच्याच शब्दांत द्यावा, एवढी विनंती. सहाव्या दिवशी वार्ताहर पाठवू नये, त्याला रिकामा चौक दिसेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर