फँटसीच्या चौकटीत मागच्या आठवड्याचेच गोल

संपादक महाशय,

स.न.वि.वि. क्रीडा पानावर दर शुक्रवारी फँटसी प्रीमियर लीगची चौकट येते, ती मी आवर्जून वाचते. (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे फुटबॉलपटू निवडून कागदावरचा संघ करायचा, आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात, असा हा खेळ.) मराठी पेपरात या खेळाला जागा मिळते याचा आनंदच आहे. पण त्या चौकटीत नावं कुणाची असतात? मागच्या शनिवार-रविवारी ज्यांनी गोल केले त्यांचीच. ते गोल आम्हीही पाहिलेले असतात. माझी सगळी नोकरी हिशेब विभागात गेली. गेल्या वर्षीच्या आकड्यांत थोडी वाढ धरून अंदाजपत्रक तयार म्हणणारे साहेब मी खूप पाहिलेत, या शिफारशीही त्यातल्याच वाटतात.

मिडफिल्डर (मधल्या फळीतला) आणि स्ट्रायकर म्हणजे फॉरवर्ड (पुढच्या फळीतला) निवडताना खरा प्रश्न वेगळाच असतो. खेळाडूची फँटसीत नोंद कुठल्या रकान्यात आहे आणि मैदानात तो उभा कुठे राहतो? 2024-25 च्या हंगामातली ब्रेंटफर्डची जोडी घ्या. ब्रायन एम्ब्यूमोचे 20 गोल, योआन विसाचे 19. एकच क्लब, एकच आक्रमण. पण फँटसीत एम्ब्यूमो मिडफिल्डर होता आणि विसा फॉरवर्ड. मिडफिल्डरच्या गोलला 5 गुण, फॉरवर्डच्या गोलला 4. म्हणजे गोलचे गुण एकाचे 100, दुसऱ्याचे 76. मैदानावर फरक एका गोलचा, वहीत 24 गुणांचा! शिवाय संघानं गोल खाल्ला नाही (याला क्लीन शीट म्हणतात) तर मिडफिल्डरला एक गुण मिळतो, फॉरवर्डला काहीच नाही. मोहम्मद सलाहनं त्याच हंगामात 344 गुणांचा विक्रम केला, तोही मिडफिल्डर म्हणूनच. त्याचे 29 गोल फॉरवर्डच्या भावानं मोजले असते तर 29 गुण तिथेच गेले असते.

ही नोंद दर हंगामाला बदलू शकते. हावर्ट्झ हा खेळाडू 2023-24 मध्ये फँटसीत मिडफिल्डर होता. हंगामाच्या उत्तरार्धात तो आर्सेनलसाठी बहुतेक वेळ सगळ्यात पुढे खेळला, आणि पुढच्या हंगामात त्याला फॉरवर्डच्या रकान्यात टाकलं. असा खेळाडू रकाना बदलण्याआधी हेरणं, यातच खरी मजा आहे. हंगाम सुरू होताना आपल्या चौकटीत अशा खेळाडूंची फक्त यादी छापलीत तरी वाचक दुवा देतील.

आमच्या घरच्या लीगमध्ये जावई तीन महागडे स्ट्रायकर घेऊन बसतात. सांगून ऐकत नाहीत. (जावयाला किती सांगायचं, हाही प्रश्न आहेच.) खेळात 15 खेळाडूंसाठी 10 कोटी पौंड (खोटे, कागदावरचे) मिळतात आणि त्यात मिडफिल्डर 5, फॉरवर्ड 3 घ्यावेच लागतात. हालांडसारखा एक घ्या, त्याला माझी ना नाही. 2022-23 मध्ये त्यानं 36 गोल केले, आणि आपण नेमलेल्या कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, तिथे असा माणूस हवाच. पण उरलेले पैसे मिडफिल्डमध्ये गेले पाहिजेत. तिसरा स्ट्रायकर स्वस्तातला चालतो, फक्त तो दर आठवड्याला सुरुवातीच्या अकरात हवा. ख्रिस वुड 2024-25 च्या सुरुवातीला 60 लाख पौंडांना मिळत होता, त्यानं 20 गोल केले.

आता पेनल्टी. चौकटीत याचा उल्लेख मला कधी दिसलेला नाही, आणि मला तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. चेल्सीचा कोल पामर 2023-24 च्या सुरुवातीला फँटसीत 50 लाख पौंडांचा खेळाडू होता. हंगामात 22 गोल, त्यातले 9 पेनल्टीवर. एप्रिल 2024 मधला एव्हर्टनविरुद्धचा सामना आठवून पाहा. चेल्सीला पेनल्टी मिळाली आणि त्यांचेच मडुएके व जॅक्सन चेंडूसाठी भर मैदानात भांडायला लागले. शेवटी कॅप्टन गॅलगरनं चेंडू घेऊन पामरच्या हातात दिला. पामरचा तो त्या सामन्यातला चौथा गोल. चेंडू कुणाच्या हातात जायचा हे संघात ठरलेलं असतं, आणि ते माहीत असणं मागच्या आठवड्याच्या हॅटट्रिकपेक्षा जास्त कामाचं. त्या चार गोलांवर भाळून ज्यांनी नंतर पामरला घेतलं त्यांचं काय झालं, तेही सांगते. पुढच्याच लीग सामन्यात, आर्सेनलविरुद्ध, तो आजारी असल्यामुळे खेळलाच नाही. चेल्सी 0-5 हरली.

मिनिटांचंही तसंच. 60 मिनिटं पूर्ण झाली तर हजेरीचे 2 गुण, नाहीतर एकच. 58व्या मिनिटाला बाहेर बोलावलेल्या मिडफिल्डरचा हजेरीचा एक गुण जातो, आणि क्लीन शीटचाही. उलट 65व्या मिनिटाला बाहेर आलेल्याला तो गुण राहतो, मग संघानं 80व्या मिनिटाला गोल खाल्ला तरी. काही प्रशिक्षक ठरावीक खेळाडूंना तासाभरातच बाहेर घेतात. आणि गार्डिओलासारखा प्रशिक्षक पुढच्या सामन्यात कुणाला बाकावर बसवेल हे सांगणं ज्योतिषाचं काम. आपली संघ बदलायची मुदत त्या फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी संपते, त्यामुळे अकरा जणांची नावं पाहून बदल करायची सोय नाही.

2025-26 पासून बचावाच्या कामालाही गुण आले आहेत. मिडफिल्डर किंवा फॉरवर्डनं चेंडू अडवणं, हिसकावणं, दूर मारणं, परत मिळवणं असं मिळून 12 वेळा केलं की 2 गुण. त्यामुळे स्वस्तातला, मागे थांबून राबणारा मिडफिल्डर पाचव्या जागेला शोभतो. त्याच्याकडून गोलची आशा मात्र ठेवू नये.

तेव्हा विनंती इतकीच की चौकटीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी छापाव्यात: मैदानात कुठे खेळतो, पेनल्टी घेतो का, आणि गेल्या काही सामन्यांत किती मिनिटं खेळला. जागा कमी पडत असेल तर खेळाडूचा फोटो लहान करा.

आपली,
क्रीडा पानाची नियमित वाचक